लावलेला बिघाड

थोरलीला कुणी विचारलं, बाई तुम्ही काम काय करता, की ती म्हणायची, "फुलं मोडते."

समोरच्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. मग ती हसून फोड करून सांगायची. भरतकामाच्या मशीनला फूल कळत नाही, पान कळत नाही, मोर तर लांबच राहिला. त्या ठोंब्याला एवढंच कळतं, की सुई इथं पडली, आता तिथं पडायची. म्हणून कागदावरचं फूल कंप्युटरवर घ्यायचं आणि त्याचे टाके पाडायचे. कुठला टाका आधी, कुठला मागून, दोरा कुठं वळेल, कापड कुठं ओढलं जाईल, सगळं आधीच ठरवून ठेवायचं. धंद्यात याला पंचिंग म्हणतात. "फूल नीट मोडता आलं तरच ते कापडावर उमलतं," असं ती म्हणायची, आणि वर पुस्ती जोडायची, "माणसांचंही तसंच असेल, पण ते काही मी करून बघितलेलं नाही."

घर दोन भावांचं. पुढच्या मोठ्या खोलीत भरतकामाचं मशीन, त्याच्या शेजारी दोऱ्यांच्या रिळांची मांडणी, आणि खिडकीखाली कंप्युटरचं टेबल. थोरला, म्हणजे तिचा नवरा, मशीन चालवायचा. त्या खडखडाटात उमेदीची वर्षं गेल्यामुळे त्याची बोलायची सवयच मोडली होती. सांगायचं ते हातानं नाहीतर भुवईनं सांगायचा, आणि भुवई वर गेली की हो आणि तिथंच राहिली की नाही, एवढी त्याची भाषा घरात सगळ्यांना पाठ होती. धाकटा भाऊ गिऱ्हाईक आणायचा, माल पोचवायचा, आणि उरलेल्या वेळात उंटावरून शेळ्या हाकायचा. त्याची बायको, धाकटी, ऑर्डरी लिहायची, गिऱ्हाइकांशी गोड बोलायची. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. थोरलीनं तिला शेजारी खुर्ची देऊन पंचिंग शिकवलं. लोक म्हणायचे, जावाजावांत इतकं गूळपीठ बरं नव्हे. थोरली म्हणायची, "जाऊ कुठली, हे माझं शेंडेफळ आहे."

शिकवताना तिनं धाकटीला एक गोष्ट दाखवली होती, जी नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती.

थोरलीची आई कपडे शिवायची. शिवलेल्या प्रत्येक कपड्याच्या दुमडीत, आतल्या अंगाला, ती तीन टाक्यांचं एक पाऊल उमटवायची, चिमणीच्या पावलाएवढं. पुढं कधी गिऱ्हाईक उसवलेला कपडा घेऊन भांडायला आलं की आई दुमड उलटून बघायची. पाऊल असलं तर मुकाट शिवून द्यायची. नसलं तर म्हणायची, "ज्याच्या हातचं आहे त्याच्या दारात जा." थोरलीनं तेच पाऊल आपल्या डिझाइनांत आणलं. भरीव टाक्यांच्या खाली टाक्यांचाच एक विरळ थर असतो, कपड्याला अस्तर असतं तसा. त्या थरात, कुठल्यातरी पानाच्या देठाशी, ती आपलं चिमणपाऊल ठेवून द्यायची. कापडावर ते कुणाच्या बापाला दिसायचं नाही. पडद्यावर वरचा थर बाजूला केला तरच दिसायचं.

"कशाला हो ताई?" धाकटीनं तेव्हा विचारलं होतं. "कुणी बघत नाही तर."

"मी बघते ना."

आणि खरंच, थोरली आपल्या डिझाइनांच्या बाबतीत हट्टी होती. एक पडदेवाला एकदा मोठ्या गाडीतून आला. त्याला एखाददुसरं नव्हे, तिची सगळी डिझाइनं हवी होती. कायमची, म्हणजे पुढं ती त्याचीच म्हणून ओळखली जातील अशी. थोरली म्हणाली, "कापडावर हवं तितकं काढून न्या. फुलं मात्र माझ्याकडे राहतील." पडदेवाला चहा न घेता गेला. धाकटा त्यानंतर आठवडाभर ताटावर मान खाली घालून जेवत होता. पुढं तोही विसरला. निदान थोरलीला तसं वाटलं.

कंप्युटर घरात एकच, आणि त्यात धाकट्यानं वाटणी घातलेली. पंचिंगचा प्रोग्राम जुना होता. तो जुन्या सिस्टीमवरच चालायचा, आणि ती जुनी सिस्टीम नेटवर न्यायची सोय राहिली नव्हती. म्हणून धाकट्यानं त्याच डब्यात दुसरी, फुकटात मिळणारी सिस्टीम टाकली, ऑर्डरींसाठी आणि निरोपांसाठी. एक डबा, आत दोन बिऱ्हाडं. थोरलीच्या बाजूला घरात 'जुनं घर' म्हणायचे आणि दुसऱ्या बाजूला 'नवं घर'. एक जागं असलं की दुसरं झोपलेलं. दोन्ही एका वेळी कधीच जागी नाहीत.

"जावांसाठी याच्यापेक्षा चांगली व्यवस्था जगात नाही," धाकटा म्हणायचा, आणि दोघी जावा मिळून लाटणं घेऊन त्याच्या मागं लागायच्या.

कंप्युटर चालू केला की आधी काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या ओळी यायच्या. वर जुनं घर, खाली नवं घर. बाणाच्या बटणानं त्यांच्यावरचा उजळ पट्टा वर-खाली करायचा आणि एंटर मारायचा. काहीच केलं नाही तर तो थोडे सेकंद उलटे मोजायचा आणि आपणहून वरच्या ओळीत, थोरलीच्या घरात शिरायचा. दोन्ही घरांचं एका बाबतीत मात्र कधी पटलं नाही. ते म्हणजे घड्याळ. जुनं घर जाताना वेळ आपल्या पद्धतीनं नोंदवून जायचं, आणि नव्या घराला ती पद्धत कळायची नाही. त्यामुळे जुन्यातून उठून नव्यात गेलं की तिथं वेळ काही तास पुढं पळालेली दिसायची. नेट लावलं की दुरुस्त व्हायची. धाकट्यानं याचं कारण एकदा तपशीलवार समजावलं होतं. थोरलीनं कारण सोडून दिलं, खूण तेवढी ध्यानात ठेवली.

तर एका सकाळी तिनं टेबलावरचं फडकं काढलं, कंप्युटर चालू केला, आणि बघते तर पट्टा खालच्या ओळीवर, नव्या घरावर. असेल बाई, म्हणून तिनं वरचा बाण दाबला. पट्टा जागचा हलला नाही. पुन्हा दाबला. जोरात दाबला. सेकंद संपले आणि कंप्युटर तिला नव्या घरात घेऊन गेला, एखाद्या हट्टी रिक्षावाल्यानं नको त्या गल्लीत न्यावं तसा.

नव्या घरात मात्र कीबोर्ड ठणठणीत. तिनं रागारागानं काहीबाही बडवलं तर अक्षरं मुंग्यांसारखी रांगेनं निघाली. बंद केला, चालू केला. पुन्हा तेच. काळ्या पडद्यापुढं एकही बटण लागेना, आत गेलं की सगळी लागायची.

"दारात मुका आणि घरात पोपट," ती म्हणाली. "भाऊजी, बघता का जरा?"

धाकटा टेबलाखाली शिरला, तिथं बराच वेळ खाकरला, आणि केसांना जळमट लावून बाहेर आला.

"कीबोर्डमध्ये दोऱ्याचं तूस गेलंय, वहिनी. सुरुवातीला त्याला ताकद कमी पडते."

"मग आत गेल्यावर कुठून येते? जेवून येतो की काय?"

"तसंच काहीसं असतं ते," धाकटा म्हणाला. "बटणं काढून धुवा. वाळवा. बघू."

थोरली मागच्या पायरीवर बसली. चमच्याच्या दांडीनं एकेक बटण उचकटून तिनं साबणाच्या पाण्यात टाकलं. खाली खरंच वर्षावर्षांचा कचरा होता, रंगीत तूस, केस, एक तुटलेलं सुईचं टोक. धाकटी बाहेर आली, तिच्या शेजारी बसली, आणि जुन्या मऊ कापडानं एकेक बटण पुसून उन्हात मांडायला लागली.

"ताई, याच्यावरचं अक्षरच गेलंय. कुठलं हे?"

"ते? मागं फिरवायचं. टाका चुकला की."

"म्हणजे तुम्ही इतक्या वेळा चुकता?"

"चुकते कुठं, सुधारते. तुझं बटण अजून कोरं असेल, म्हणून टेंभा मिरवू नकोस."

दोघी खिदळल्या. आतून थोरल्यानं डोकावून बघितलं आणि परत मशीनकडे गेला.

बटणं वाळली, बसवली, आणि कीबोर्ड दारात तसाच मुका राहिला. मग वायर बदलली. मग मागच्या भोकात लावून बघितला, पुढच्या भोकात लावून बघितला. शेवटी थोरली कोपऱ्यावरच्या लेसवालीकडे गेली आणि तिचा चालता कीबोर्ड काखेत मारून आणला. लेसवालीही मागोमाग आली, कारण तिला आपली वस्तू नजरेआड करवत नसे. तो कीबोर्डही दारात मुका.

"माझा चांगला आहे हं," लेसवाली घाबरून म्हणाली. "सकाळीच चालवलाय मी. मागं माझ्या कंप्युटरचा आतला छोटा सेल गेला होता, तेव्हा त्यानं तारीख पार माझ्या लग्नाच्या आधीच्या सालात नेली. पण बटणं? बटणं शेवटपर्यंत चालली."

"तुझा चांगलाच आहे," थोरली म्हणाली. "म्हणजे माझाही चांगला आहे. दुखणं कीबोर्डचं नव्हे."

हे तिनं धाकट्याला सांगितलं, तेव्हा त्यानं डब्याला कान लावला. मग गंभीर होऊन म्हणाला, "मग जरा काळजीचंच आहे, वहिनी. आतली डिस्क जात असेल. जुनं घर खचत आलं असेल. सारखं बंद-चालू नका करू, आहे तेही बसेल. मी एका माणसाला विचारतो."

 जुन्या घरात थोरलीचं सगळं होतं. लग्नानंतर एका कारखान्यात म्हाताऱ्या पंचिंगवाल्याच्या पायाशी बसून शिकताना केलेली वेडीवाकडी पानं होती. मूल राहिलं नाही त्या काळात ती दिवसचे दिवस टेबलावरून उठली नव्हती, तेव्हाच्या वेली होत्या. दुसऱ्या कुठल्या पंचिंगवालीला जमला नाही तो पिसारा मिटलेला मोर होता. तिनं बंद-चालू करणं सोडलं. सकाळी यायची, नव्या घरात धाकटीचे निरोप बघायची, दुपारी बंद करायची. संध्याकाळी बाजारात जाऊन आली की स्वयंपाकघरात. पुढच्या खोलीत मग धाकटी 'ऑर्डरी बघत' बसायची. जेवताना थोरलीचा घास फिरायचा. थोरल्यानं एकदा तिच्या ताटाकडे बघितलं आणि हात किंचित वर करून, होईल सगळं, अशी खूण केली. तिला तेवढ्यानंही बरं वाटलं होतं.

मग ती सकाळ आली. नेटचं यंत्र अजून कुणी लावलं नव्हतं. ते धाकटी उठल्यावर लावायची. कंप्युटर सवयीप्रमाणे नव्या घरात गेला, आणि कोपऱ्यातल्या घड्याळात वेळ काही तास पुढं.

थोरली आधी नुसतीच बघत राहिली. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, पडद्यावरच्या घड्याळाकडे बघितलं. सेल गेला म्हणावं, तर लेसवालीसारखं सालच बदललं असतं. इथं साल तेच, तारीख तीच, नुसते नेहमीचे तेवढेच तास पळालेले. ही खूण तिच्या ओळखीची होती. जुन्यातून उठून कुणीतरी नव्यात आलं, की असं होतं. आणि आदल्या दुपारी तिनं स्वतः कंप्युटर बंद केला होता तो नव्या घरातून. जुन्यात ती कित्येक दिवसांत गेलीच नव्हती.

म्हणजे खचलेलं घर धडधाकट उभं होतं. दार फक्त तिला बंद होतं. दुसरं कुणीतरी खुशाल आत जाऊन येत होतं.

तिला एकदम हसू आलं. डिस्क शाबूत आहे, फुलं शाबूत आहेत, याचंच. मग हसू जिथल्या तिथं थिजलं.

मनात आलं ते भाऊजी. सिस्टीम त्यांनी घातलेली, किल्ल्या त्यांच्या हाती. पण भाऊजींना पंचिंगचा प पण येत नाही, ते आत जाऊन करणार काय? एवढ्यावर तिनं विचार अडवून धरला. त्याच्या पुढं एकच नाव होतं, आणि तिथपर्यंत जायची तिची छाती होईना. दुसऱ्या सकाळीही तास पळालेलेच होते.

त्या संध्याकाळी ती नेहमीसारखी पिशवी घेऊन निघाली. कोपऱ्यावरून वळली, लेसवालीच्या दुकानात उगाच दोन लेसी उलटसुलट केल्या, आणि मागच्या बोळातून घरी परत आली. मागचं दार उघडंच होतं. चपला तिथंच काढल्या. स्वतःच्याच घरात चोरासारखं चालताना तिला लाज वाटली.

पुढच्या खोलीत मशीन बंद होतं. धाकटी टेबलाशी बसली होती. तिच्या मांडीवर एक पिवळा पडलेला, बोजड, पुराण्या काळचा कीबोर्ड. पडद्यावर जुनं घर, आणि त्यात थोरलीचा मोर. वरचा थर बाजूला केलेला. देठाशी चिमणपाऊल. धाकटीनं तीन टाक्यांवर चौकट ओढली, बटण दाबलं, आणि पाऊल गेलं. सफाईनं गेलं. शिकवणारीनं नीट शिकवलं होतं.

आणि मशीनच्या पायाशी, स्टुलावर, बॉबिनवर दोरा भरत थोरला बसला होता.

त्यानं आधी बघितलं. त्याची भुवई वर गेली नाही, खालीही आली नाही. हातातला दोरा फिरायचा थांबला.

"नवा कीबोर्ड आला वाटतं," थोरली म्हणाली.

धाकटीचा हात बटणावरच राहिला. "ताई..."

"नवा कसला, जुनाच दिसतोय. पिवळा पडलाय. हा लागतो होय दारात?"

"याची पिन गोल आहे," थोरला म्हणाला.

दोन आठवड्यांत त्याच्या तोंडून आलेलं हे पहिलं धड वाक्य. थोरलीनं नवऱ्याकडे वळून बघितलं. तो भरतकामाच्या मशीनशिवाय कशाला हात लावत नव्हता. कुठल्या कीबोर्डची पिन गोल आणि कुठल्याची चपटी, हे त्याला कुणीतरी बसवून सांगितलं होतं. तिच्या पाठीमागं या खोलीत तिघं बसून बोलली होती, आणि त्यातलं एवढं त्याच्या लक्षात राहिलं होतं.

धाकटा बाहेरून शीळ घालत आला आणि उंबऱ्यातच शीळ गिळली.

"या भाऊजी," थोरली म्हणाली. "तुमचीच वाट बघत होतो. डिस्कवाल्या माणसाला विचारलंत का?"

धाकट्यानं बायकोकडे बघितलं, भावाकडे बघितलं. कुणी हात देईना. मग तो भडाभडा बोलायला लागला, ताकाला जाऊन भांडं लपवणारा पकडला गेला की बोलतो तसा. पडदेवाला पुन्हा आला होता. सगळी डिझाइनं घेतो म्हणाला, पण त्याच्याच नावावर. आत दुसऱ्याची कसलीही खूण नको, खालच्या थरातही नको, तपासूनच घेईन म्हणाला. वहिनी काही हो म्हणणार नाहीत. आणि ही अशी संधी...

"खालच्या थरात काय आहे हे त्याला कुणी सांगितलं?"

धाकटीनं मान खाली घातली.

"दाराचं काय केलंत ते सांगा."

"काही विशेष नाही," धाकटा म्हणाला. जरा त्याला हुरूपही आला, कारण ती करामत त्याची होती. "चालू होण्याच्या आधीचं एक सेटिंग असतं. त्यात चपट्या पिनेचे कीबोर्ड उशिरा जागे होतील असं केलं. ते जागे होईपर्यंत दारावरचे सेकंद संपतात. गोल पिनेच्याला तो नियम लागत नाही. आणि पट्टा खालच्या ओळीवर नेला, म्हणजे आपोआप नव्यातच जाईल."

"एवढा आटापिटा? सरळ पासवर्ड घालून कुलूप लावायचं."

"कुलूप लावलं असतं तर तुम्हाला कळलं असतं ना."

"म्हणून बिघाड लावलात."

धाकट्यानं दाराची कडी हातात धरली.

"घराच्या भल्यासाठीच केलं, वहिनी," तो म्हणाला. "झाल्यावर सांगणारच होतो. तुम्ही आधी नाहीच म्हणाला असता."

"म्हणालेच असते. नाही म्हणता यावं म्हणूनच तर विचारतात माणसाला." ती नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही काय म्हणालात यांना?"

"मी काहीच म्हणालो नाही."

"तेच विचारतेय. भुवई वर केलीत ना?"

थोरल्यानं बॉबिन खाली ठेवली, परत उचलली. त्याला जागा सापडेना. थोरली त्याच्याकडे बघत राहिली, पण तिला त्याचा राग येत नव्हता, आणि याचंच तिला भय वाटलं. जेवताना त्यानं हात वर केला होता. होईल सगळं. काय होईल, ते त्याला तेव्हाच ठाऊक होतं.

मग ती धाकटीजवळ गेली. अगदी जवळ. धाकटी आक्रसून बसली. तिला वाटलं, आता हात उगारणार.

"एक सांग मला," थोरली हळू आवाजात म्हणाली. "कीबोर्डला काही झालेलं नव्हतं. तुला माहीत होतं. मी मागं बसून मूर्खासारखी बटणं धुत होते, तेव्हा तू कशाला आलीस पुसायला?"

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"तुम्ही एकट्याच बसला होता, ताई. बघवेना मला."

तिघंही जे बोलली त्यातलं हे एकच खरं होतं, आणि थोरलीला तेच सोसेना. बाकी सगळं तिनं उभ्या उभ्या पचवलं होतं. आता तिला खाली बसावंसं वाटलं. केसानं गळा कापतात म्हणतात, पण कापणारा वर फुंकर घालत बसतो, हे कुणी सांगत नाही. धाकटीनं खोटं प्रेम दाखवलं असतं तर ती तिला झिंज्या धरून बाहेर काढू शकली असती. हे प्रेम खरं होतं, आणि त्यानं काहीही अडलं नव्हतं. बटणं पुसून झाल्यावर हीच पोरगी संध्याकाळी आत जाऊन पावलं पुसत होती.

"किती राहिलीत?" तिनं विचारलं.

"काय?"

"पावलं. किती डिझाइनांतली राहिलीत?"

"थोडीच," धाकटी हुंदक्यातून म्हणाली. "पण राहू देत, ताई. नाही देत आपण. नाही ना हो?" हे नवऱ्याला. धाकटा दाराच्या कडीशी चाळा करत होता. त्यानं शब्द देऊन टाकला होता, हे त्या कडीलाही समजलं असतं.

"सरक."

थोरलीनं तो पिवळा कीबोर्ड मांडीवर घेतला. बटणं अनोळखी होती, दगडासारखी, दाबली की खाडकन वाजायची. तिनं पहिलं डिझाइन उघडलं, वरचा थर बाजूला केला, देठ गाठला, चौकट ओढली, पाऊल काढलं. जतन केलं. दुसरं उघडलं. धाकटी मागं उभी राहून, "ताई, नका ना, ताई," म्हणत होती. एकदा तिनं हात धरला तेव्हा थोरलीनं तो माशी झटकावी तसा झटकला. पाऊल निघालं की त्या जागी विरळ थरात एक फट दिसायची. धाकटीनं ज्यांतली काढली होती त्यांत ती तशीच राहिली होती. थोरलीनं दोन्हीकडचे टाके ओढून प्रत्येक फट बुजवली, आधी आपल्या हातच्या, मग मागं जाऊन धाकटीच्याही. आता पडदेवाल्यानं भिंग लावलं असतं तरी तिथं कधी काही होतं, हे त्याला कळलं नसतं.

धाकट्याचा जीव भांड्यात पडला होता. तो पुढं सरकला. "वहिनी, मानलं तुम्हाला. मन मोठं आहे तुमचं."

"मनाचं काही सांगू नका, भाऊजी," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "मला अर्धवट काम बघवत नाही, एवढंच."

सगळं झाल्यावर तिनं कंप्युटर बंद केला आणि त्याला म्हणाली, "आता बिघाड काढा."

धाकट्यानं लगबगीनं कीबोर्डचं सेटिंग उलटं केलं, पट्टा तेवढा अजून खालच्याच ओळीवर राहिला. गोल पिन उपटली, तिचा नेहमीचा कीबोर्ड लावला, कंप्युटर पुन्हा चालू केला. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या ओळी आल्या. सेकंद उलटे मोजायला लागले.

"बघा वहिनी. दाबा. आता लागतंय."

थोरलीनं वरचा बाण दाबला. पट्टा लगेच वरच्या ओळीवर गेला. एवढंसं बटण, एवढासा आवाज. दारात कुठलंही बटण लागलं की मोजणी थांबते. मग यंत्र आपणहून कुठंच जात नाही, कुणी सांगेपर्यंत तिथंच उभं राहतं. आकडे गेले. नुसत्या दोन ओळी राहिल्या.

ती उठली. मागच्या दाराशी काढलेल्या चपला आणून तिनं पायांत घातल्या, खुर्चीवरची पिशवी घेतली.

"अगं, कुठं?" थोरला उठून उभा राहिला.

"कारखान्यात. त्या म्हाताऱ्याच्या जागी कुणी बसवलंय का बघून येते."

"आणि... जेवायला?"

ती उंबऱ्यात थांबली. नवरा इतकं आपणहून विचारतोय, हे बघून तिला क्षणभर वाईट वाटलं. पण ते तिनं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"भाजी आणायची राहिली," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणीतरी आणा."

ती गेली. तिघं पडद्याकडे बघत उभी राहिली. पट्टा जुन्या घरावर होता. एंटर कुणीच मारला नाही.